कापायचीच आहेत ती झाडं आधी शिकायला द्या

माननीय वनमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी झाडं पाडायला शिकवतो. हे कुठे सांगितलं की समोरचा जरा दचकतोच. झाडं लावणाऱ्याला हार-तुरे मिळतात, पाडणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. म्हणून आधीच सांगून टाकतो की या पत्रात मी एकही जादा झाड मागितलेलं नाही. तुमच्या खात्याच्या आराखड्यानुसार यंदा जी झाडं पडणारच आहेत, त्यांतली थोडी माझ्या विद्यार्थ्यांच्या हातून पडू द्या, एवढंच मागणं आहे.

पत्राची एक प्रत कौशल्य विकास मंत्र्यांनाही पाठवतो आहे. झाडं तुमच्याकडे आहेत, शिकणारी मुलं त्यांच्याकडे. मधल्या वाटेवर आम्ही प्रशिक्षक ताटकळत उभे आहोत.

आमच्या अभ्यासक्रमाचा पहिला भाग झाडाशिवाय होतो. चेनसॉ खोलणं, साखळीला कानस मारून धार लावणं, आडव्या ओंडक्याचे तुकडे करणं, पात्याच्या टोकाचा वरचा भाग कुठे टेकला तर करवत उसळून तोंडाकडे कशी येते ते समजावणं, हे सगळं संस्थेच्या आवारात जमतं. पाडण्याचा सरावही काही जण आवारातच उरकतात. माणसाच्या उंचीचा ओंडका लोखंडी घोडीत उभा आवळायचा आणि त्यावर छेद घ्यायचे. पहिल्या दिवसाला ते ठीक आहे. पण त्या ओंडक्याला शेंडा नसतो, त्यामुळे मुलांना वर बघायची सवयच लागत नाही. त्याला कल नसतो, त्याच्यात वारा भरत नाही, शेजारच्या झाडाच्या फांद्यांत तो अडकत नाही. आणि तो पडतो तेव्हा कुणाच्या पोटात गोळा येत नाही. तो गोळा यायला हवा, साहेब. तो आल्याशिवाय पळायची वाट आधी मोकळी करून ठेवण्याचं महत्त्व कळत नाही.

गेल्या तुकडीतला एक मुलगा आठवतो. हात चांगला, डोकंही शांत. पहिलंच खरं झाड, बुंधा साधारण ३० सेंटिमीटर जाडीचा. झाड जिकडे पाडायचं त्या बाजूला त्याने खाच नीट काढली. मग मागून छेद घेताना मध्ये लाकडाची एक पट्टी न कापता राखायची असते. आम्ही तिला बिजागरी म्हणतो, कारण दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड त्या पट्टीवर वाकत खाली येतं. बुंध्याच्या जाडीच्या साधारण एक दशांश, म्हणजे या झाडाला ३ सेंटिमीटर. त्याने डाव्या अंगाला ३ राखली, उजव्या अंगाला जेमतेम १ उरली. झाड निघालं आणि निम्म्या वाटेत डावीकडे वळलं. ठरवलेल्या रेषेपासून चांगलं पाच-सहा पावलं लांब जाऊन आपटलं. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात त्याच्या-माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि आम्ही दोघंही मागे तिरकस आखलेल्या वाटेवर होतो, म्हणून कुणाला काही झालं नाही.

मी रागावलो नाही. हातात पट्टी देऊन त्याला बुडख्याशी बसवलं आणि मोजायला लावलं. बुडखा ही आमची उत्तरपत्रिका. खाच किती खोल गेली, मागचा छेद खाली उतरला का, बिजागरी कुठे निमुळती झाली, सगळं तिथे लाकडात लिहिलेलं असतं. ते खोडता येत नाही. त्याच्या पाचव्या झाडाची बिजागरी दोन्ही टोकांना सारखी होती. घोडीतल्या ओंडक्यावर त्याने तसलीच चूक आधीही केली असणार, पण ओंडका सरळच पडला होता.

हे काम किती धोक्याचं आहे ते तुम्हाला सांगायला नको, तरी एक आकडा देतो. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने २०२२ साठी काढलेल्या हिशेबात लाकूडतोड कामगारांचा मृत्युदर दर लाख पूर्णवेळ कामगारांमागे सुमारे १०० आहे. सगळ्या व्यवसायांचा मिळून तो ३.७ आहे. यंत्रं आणि नियम असलेल्या देशाची ही स्थिती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वनकामातल्या सुरक्षेची आचारसंहिता १९९८ मध्येच काढली. नियमांची उणीव नाही, हात बसायला झाडं मिळत नाहीत.

आज ती मिळतात कशी? ओळखीपाळखीवर. कुणाच्या मामाची लागवड, कुणाचा ठेकेदार मित्र. एकदा एका कार्यालयाने तोंडी होकार दिला. नऊ मुलांना, करवतींना, पाचरींना आणि प्रथमोपचाराच्या पेटीला गाडीत घालून पहाटे निघालो. पोचलो तर ठेकेदाराने दोन दिवसांपूर्वीच सगळं साफ केलेलं. नुसते बुडखे. मग दिवसभर बुडखेच वाचायला शिकवले. (त्या ठेकेदाराच्या उत्तरपत्रिका फार बऱ्या नव्हत्या, हे जाता जाता.)

जिथे झाडं मिळतात तिथे दुसरीच पंचाईत होते, आणि ती उपकार करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. लोक आम्हाला नको असलेली झाडं देतात: वाळलेली, पोखरलेली, रोगट. “नाहीतरी जायचंच आहे, घ्या तुम्हीच.” मन मोठं असतं, पण देणगी चुकीची असते. वाळल्या झाडाची बिजागरी वाकत नाही, कडकन मोडते. शेंड्याकडची सुकी फांदी करवतीच्या नुसत्या थरथरीनेही डोक्यावर येते. युरोपात १९९०च्या दशकात पोलंडपासून ॲश झाडांवर एक बुरशी पसरली. त्या रोगाने झाडांचं लाकूड इतकं ठिसूळ झालं की अशी झाडं शक्यतो माणसाने हाताने न पाडता यंत्राच्या केबिनमध्ये बसून पाडावीत असं तिथे सांगतात. मुरलेले लोक जिथे मागे सरतात, तिथे आम्ही शिकाऊ मुलं उभी करायची? नवशिक्याला निरोगी, सरळ, बेताच्या जाडीचं झाड लागतं.

ते तुमच्याकडे विपुल आहे. लागवडीत पहिली विरळणी होते, म्हणजे दाटी कमी करायला काही झाडं काढतात, तेव्हा नेमकी अशीच झाडं काढली जातात. दाटीवाटीने वाढलेली असल्याने ती शेजाऱ्यांत अडकतात, म्हणजे अडकलेलं झाड सुखरूप खाली आणण्याचा धडाही तिथेच मिळतो. शिवाय हे लाकूड बहुतेक लगद्याला किंवा जळणाला जातं, त्यामुळे नवशिक्याच्या हातून बुंध्याची चिरफळी उडाली तरी नुकसान थोडं. मोठ्या इमारती लाकडाची झाडं आम्हाला नकोतच. त्यांचा सगळ्यात खालचा ओंडका सगळ्यात मोलाचा असतो, तो आम्ही बिघडवला तर मालकाने बोलणं साहजिक आहे.

ठेकेदारांचा आक्षेपही मला मान्य आहे. कसलेला माणूस ज्या वेळात दहा झाडं पाडतो, त्या वेळात माझा विद्यार्थी एक पाडतो, आणि तेही मी तीनदा थांबवल्यावर. म्हणून ठेक्यातल्या झाडांत आम्हाला घुसवू नका. ठेका निघण्यापूर्वीच विरळणीचा एक तुकडा बाजूला काढा, झाडांवर खुणा करा आणि तो प्रशिक्षणासाठी राखीव म्हणून लिहून द्या. लाकूड मालकाचंच राहील. विमा, देखरेख, फांद्या-पाला आवरणं आमच्याकडे. पक्ष्यांच्या विणीच्या काळात आम्ही फिरकणार नाही. राखायच्या झाडांची साल किती ठिकाणी सोलली ते तुमच्या वनरक्षकाने मोजावं आणि प्रमाणाबाहेर गेलं तर पुढच्या वर्षी करार करू नये. हाच नमुना रस्ते खात्याला, वीजवाहिन्यांखालची झाडं काढणाऱ्यांना आणि खासगी लागवडवाल्यांना चालेल. आज यांतल्या प्रत्येकाशी मी वेगळं पत्र, वेगळी विनवणी, वेगळा चहा करतो.

वादळात पडलेल्या झाडांबद्दल मात्र हात जोडून सांगतो, ती नवशिक्यांना देऊ नका. युरोपात चेनसॉच्या प्रमाणपत्राच्या चार पायऱ्या आहेत, आणि वाऱ्याने पडलेली, मोडलेली झाडं शेवटच्या पायरीवर येतात. उन्मळलेल्या झाडाचा ओंडका कापला की मुळांची तबकडी मातीसकट परत खड्ड्यात आपटू शकते. वाकलेलं खोड कापताच धनुष्यासारखं सुटतं. जानेवारी २००५ मध्ये गुद्रुन वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं, आणि वादळ गेल्यावरही ते आवरताना माणसं मेली. अशा वेळी हाकेला धावतील अशी माणसं हवी असतील तर त्यांच्या खालच्या तीन पायऱ्या शांत दिवसांत झालेल्या असाव्या लागतात. त्यासाठी उभी झाडं लागतात, दरवर्षी, भरवशाने.

पुढच्या तुकडीला बारा जण आहेत. प्रत्येकी किमान पाच झाडं धरली तर साठ होतात. यंदा कोणती कापायची आहेत, त्याची यादी तुमच्या कार्यालयात तयार असेल. त्यातला कोणता तुकडा आमचा आणि कोणत्या तारखेला यायचं, तेवढं लेखी कळवावं. मागच्या वेळचा अनुभव लक्षात घेऊन मी आदल्या दिवशी येऊन झाडं उभी आहेत ना, ते बघून जाईन.

आपला नम्र,
एक वृक्षतोड प्रशिक्षक