वारसा फेरीत उभे कुठे राहायचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लहान गावांच्या वारसा फेऱ्यांची पत्रके आता बरीच निघतात. वेस, बारव, घड्याळाचा मनोरा, जुना पूल अशी यादी आणि प्रत्येकापुढे एक साल. पण कुठे उभे राहायचे आणि काय पाहायचे, हे त्यात नसते. मग माणसे फोटो काढतात आणि पुढे सरकतात.

आधी त्या सालाविषयी. पाटीवरचे साल पुष्कळदा जीर्णोद्धाराचे असते आणि पत्रकात तेच बांधकामाचे म्हणून छापले जाते. शकाचा आकडा असेल तर 78 मिळवावेत. मिती जानेवारी ते मार्चमध्ये पडत असेल तर 79. हिजरी सालाला अशी सरळ बेरीज चालत नाही, कारण ते वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान. आकड्याला 0.97 ने गुणून 622 मिळवले की जवळचे इसवी साल मिळते. हिजरी 1000 म्हणजे 1592 च्या आसपास.

शिलालेख भर दुपारी दिसत नाही. त्याला तिरपे ऊन लागते. ते नसेल तर टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरावी, खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून येते. अक्षरांत खडू किंवा तेल मात्र कुणी भरू नये. तेलावर धूळ बसते ती निघत नाही, आणि खडू घासताना मऊ दगडाची कड झिजते.

भिंतीपाशी थोडे थांबावे. वरचा दगड खालच्या सांध्यावर बसलेला असतो, तसा थर बांधला जातो. जिथे सांधा वरपासून खालपर्यंत सरळ उतरतो, तिथे जुनी भिंत संपत होती आणि पुढचा भाग नंतर जोडला आहे. चुन्याच्या दरजा खरवडून सिमेंट भरलेले दिसले तर शेजारचा दगड पाहा. सांध्यातून सुटणारी ओल आता दगडातून बाहेर पडते आणि त्याचे पापुद्रे निघतात. अशी दुरुस्ती पाहून वाईट वाटते, पण तीही लोकांना दाखवलीच पाहिजे.

मनोरा पायथ्याशी उभे राहून दिसत नाही, उंचीच्या दुप्पट अंतर हवे. 12 मीटरचा मनोरा 24 मीटरवरून पाहावा. गल्ली अरुंद असेल तर कोपऱ्यावरून. पूल वरून चालत जाण्यापेक्षा खालून बघण्यासारखा: प्रवाह येतो त्या बाजूला खांबाला टोक का काढले आहे ते लगेच कळते.

फेरी 2 किलोमीटरच्या पुढे नको. गट ताशी 3 किलोमीटरनेच चालतो, म्हणजे चालण्याला 40 मिनिटे. 8 थांबे प्रत्येकी 7 मिनिटांचे धरले तर आणखी 56. रस्ता ओलांडणे, मागे राहिलेल्यांची वाट पाहणे यात पंधरा-वीस मिनिटे जातातच. पूर्वाभिमुख वास्तू सकाळी आधी घ्याव्यात. चढायचा मनोराही सुरुवातीलाच, पाय ताजे असताना. वीसच्या वर माणसे झाली की मागच्यांना ऐकू येत नाही.

पत्रक छापण्यापूर्वी गावाची माहिती नसलेल्या एखाद्याच्या हाती ते द्यावे आणि त्याला एकट्याने फिरू द्यावे. तो जिथे अडखळेल, तिथला मजकूर बदलावा.

आपला,
एक वाचक