पहिल्या पगारातली मूठ

कोलोन, जर्मनी,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय आई, पप्पा,

तुम्हा दोघांना सलाम. धाकट्याला गोड पापा, एमआयडीसीत कामाला जायला लागला असला तरी.

परवा फोनवर त्याच्या पहिल्या पगारावरून तुमची बोलाबोली चालली होती आणि मला रात्रपाळीला पळायचं होतं. अर्धवट बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. त्याच्या मित्राच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या पंथाच्या चर्चमध्ये, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, न चुकता देतात. मित्राने त्याला बायबलमधलं मलाखीचं वचन काढून दाखवलं, दशांश न देणारा देवाला लुटतो म्हणून, आणि आपलं पोरगं घाबरलं. आई, तुझं म्हणणं, अठरा हजारांतले अठराशे सरळ फादरांच्या हातात दे. पप्पा, तुमचं म्हणणं, आधी आत्याच्या ऑपरेशनला घेतलेले उसने फेडा.

सोन्या, आधी तुझी भीती घालवते. आपल्या कॅथलिक चर्चने दहा टक्के असा आकडा कुणावर घातलेला नाही. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेचं, म्हणजे कायद्याच्या पुस्तकाचं, २२२ वं कलम म्हणतं की चर्चच्या गरजांना हातभार लावणं प्रत्येक श्रद्धावंताचं कर्तव्य आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात, स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना मदत करणं हेही कर्तव्यच म्हटलंय. धर्मशिक्षणात पाठ केलेले चर्चचे पाच नियम आठव, त्यातला पाचवा हाच: आपापल्या ऐपतीप्रमाणे. तुझ्या मित्राच्या घरच्यांबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. दर महिन्याला दहावा हिस्सा बाजूला काढायला छाती लागते. आपल्याला आकडा नाही म्हणून आपण रविवारी दानाची पिशवी समोर आली की खिशातलं सुटं चाचपतो, हे मला बरं वाटत नाही.

पप्पा, उसने फेडायचेच. पण ते दान नव्हे, ते देणं आहे. दोन्ही एका वहीत मांडू नका.

आता इथलं सांगते, कारण इथे आल्यावर याच गोष्टीने मला पहिल्यांदा रडवलं. गावात नाव नोंदवायला गेले तेव्हा फॉर्मवर धर्म विचारला होता. मी रोमन कॅथलिक लिहिलं, त्यात काय विचार करायचा! पहिल्या पगाराची चिठ्ठी आली तर आयकराच्या खाली अजून एक कपात, चर्चचा कर. तो पगारावर नसतो, आयकरावर असतो. आयकर ४०० युरो असेल तर त्यावर ९ टक्के म्हणजे ३६ युरो चर्चला. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत ८ टक्के, बाकी सगळीकडे ९. सरकार गोळा करतं आणि धर्मप्रांताकडे पोचवतं. १९१९ च्या राज्यघटनेत ही तरतूद होती, ती १९४९ च्या घटनेतही तशीच ठेवली. माझ्या हाताने मी काही दिलंच नाही, तरी गेलं, याचं मला वाईट वाटलं होतं.

हॉस्पिटलच्या वॉर्डातली एक जण म्हणाली, कोर्टात जा, ३० युरो फी भर, चर्चमधून नाव काढून टाक, वर्षाला केवढे वाचतील बघ. इथे खूप जण तसं करतात. २०२२ या एका वर्षात ५ लाखांहून जास्त कॅथलिकांनी नाव काढलं. सगळ्यांनी पैशासाठी नाही. लहान मुलांवरच्या अत्याचारांची जी प्रकरणं दाबून ठेवली गेली, त्यांचा राग फार खोल आहे, आणि तो खरा आहे. पण नाव काढलं की साक्रामेंतं, म्हणजे चर्चचे पवित्र संस्कार, मिळत नाहीत, हे इथल्या बिशपांनी २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. मी नाव ठेवलं. पंगतीत बसून जेवायचं आणि शिध्याच्या वेळी उठून जायचं, हे मला जमणार नाही. त्या पैशातून बालवाड्या चालतात, सल्ला केंद्रं चालतात, फादरांचे आणि सेवकांचे पगार होतात. (आमचं हॉस्पिटल चर्चचं असलं तरी आमचा पगार मुख्यतः विम्याच्या पैशातून होतो, हे पप्पांसाठी. ते विचारणारच.)

पण आई, कर भरूनही माझं मन भरत नव्हतं. का ते मला तुझ्या स्वयंपाकघरामुळे कळलं.

तू तांदूळ मापट्याने काढतेस, ताटात पसरतेस, खडे निवडतेस आणि धुवायच्या आधी त्यातली एक मूठ डालडाच्या जुन्या डब्यात टाकतेस. घरात पाहुणे असोत, महिनाअखेर असो, आधी ती मूठ. उपवासकाळ संपला की डबा वेदीपाशी जातो आणि तिथून सिस्टरांकडच्या म्हाताऱ्यांना. मी लहानपणी विचारलं होतं, हे फादरांनी सांगितलं का? तू म्हणालीस, नाही, पणजीचं आहे. पणजी दळणाला बसली की कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगसाठी मूठ काढायची. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग आलं, आणि पोरांच्या पोटाला घालायला अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मुष्टिफंडाच्या त्या पिठावर आपले आजोबा शिकले. म्हणजे आपल्या घरातलं दान आधी साताऱ्याचं आहे आणि मग चर्चचं, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

माझ्या पगारातून जातं ते महिना संपताना, आणि मला न विचारता. तुझी मूठ भात शिजायच्या आधी निघते आणि रोज तुझ्या हाताला कळते.

गेल्या आठवड्यात तीन राजांच्या सणाला, बाळ येशूला भेटायला आलेले ते तीन राजे, इथली मुलं दारोदार आली. तीन राजांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी इथल्या कॅथेड्रलमध्ये सोन्याने मढवलेल्या पेटीत आहेत, म्हणून या गावात त्या सणाचं अप्रूप जास्त. कागदी मुकुट घातलेला एक सात-आठ वर्षांचा राजा, हातात खडू, पण हात चौकटीला पोचेना. मी त्याला खुर्ची दिली. त्याने जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं: २०*सी+एम+बी+२६. ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो, असा त्या तीन अक्षरांचा लॅटिन अर्थ. दुसरीने पत्र्याचा डबा पुढे केला. १९५९ पासून ही मुलं जगभरच्या मुलांसाठी असे पैसे जमवतात. मी नोट टाकली तेव्हा डब्यात तिचा आवाजही झाला नाही, पण हाताला कळलं.

त्या दिवसापासून कॉफीचा एक रिकामा डबा ओट्यावर ठेवलाय. पगार जमा झाला की घरभाड्याच्या आधी त्यात ५० युरो टाकते.

तर सोन्या, अठराशे द्यायचे की पाचशे, ते तू ठरव. फक्त पगार आला त्याच दिवशी काढ, मोबाईलचा हप्ता जायच्या आधी. थोडे चर्चला दे, थोडे तुला जिथे गरज दिसेल तिथे. पप्पा दरवर्षी लोणंदला पालखीतल्या वारकऱ्यांना चहा पाजायला जातात, त्याची पावती कुठलं चर्च देत नाही, तरी ते मी त्याच वहीत धरते.

आई, सोबत दहा हजार पाठवते. सात हजार आत्याच्या उसन्याचे, तीन हजार सिस्टरांकडे. मिस्सानंतर दान देणाऱ्यांत माझं नाव वाचायला देऊ नकोस. आणि डालडाच्या डब्याचं झाकण सैल झालंय म्हणालीस, तांदळात किडे होतील, कडुलिंबाचा पाला घाल.

तुमची,
ताई