सरकारी वेबसाइटींचं वजन उतरवा : माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. माहिती-तंत्रज्ञान मंत्री, कर्नाटक सरकार,
स. न. वि. वि.

बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरलं की सीमाभागाचे जुने प्रश्न निघतात. त्यात एका नव्याची भर घालतो : सरकारी वेबसाइट फार जड झाल्या आहेत.

कणकुंबी-जांबोटीकडे एका काडीच्या रेंजवर उतारा काढायला बसून बघा. आधी मुखपृष्ठावरचे फिरते फोटो येतात, उद्घाटनं आणि हारतुरे. मोबाइलवर काढलेला ४००० पिक्सेल रुंदीचा, तीन-चार एमबीचा फोटो तसाच चढवलेला, आणि दिसतो बोटभर. तोच ८०० पिक्सेलचा करून वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये ठेवला तर साधारण १०० केबीत बसतो. चेहरा तितकाच स्वच्छ दिसतो, काळजी नसावी.

परिपत्रकांचं तर विचारूच नका. संगणकावर टाइप करायचं, छापायचं, शिक्का मारायचा, स्कॅन करायचं आणि ते चित्र चढवायचं. २००० अक्षरांचा कन्नड मजकूर युनिकोडमध्ये साधारण ६ केबी भरतो; रंगीत स्कॅनचं एक पान सहज एक एमबीच्या घरात जातं. सही डिजिटल करता येते. मराठीतून कागदपत्रं मिळावीत ही आमची मागणी जुनी आहे, ती इथे उकरत नाही. पण मजकूर मजकूर म्हणून दिलात तर तो उचलून फोनवर भाषांतर तरी करता येईल.

आता विजेचं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी, म्हणजे वेबसाइटी जिथे साठवलेल्या असतात त्या संगणकांच्या कोठारांनी, सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज खाल्ली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का. त्यात आपल्या सरकारी पानांचा वाटा चिमूटभर, हे मान्य. मला खरी चिंता फोनची आहे. पानात स्क्रिप्टांचा, म्हणजे फोनवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा, भरणा केला की जुना फोन गुदमरतो, आणि ‘फोन बाद झाला’ म्हणून माणूस कर्ज काढून नवा घेतो. फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो वापरताना नव्हे, तयार होतानाच होतो. म्हणजे धड चालणारा फोन आणखी दोन वर्षं टिकवणं हीच मोठी बचत, आणि ती वेबसाइट बनवणाऱ्याच्या हातात असते.

‘हरित होस्टिंग’चा, म्हणजे वेबसाइट स्वच्छ विजेवर चालते असा, बिल्ला लावून हे भागणार नाही. निविदेतच कलम घाला : पहिलं पान ५०० केबीच्या आत, फिरते फोटो बंद, व्हिडिओ आपोआप सुरू होणार नाही, आणि पाच-सहा वर्षं जुन्या स्वस्त फोनवर, कमी रेंजमध्ये चाचणी पास झाल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल निघणार नाही. यासाठी जादा पैसा लागत नाही. उलट काम कमीच होतं, हे मी याच धंद्यात असल्यामुळे सांगतो.

पुढच्या निविदेत हे कलम येणार का, आणि कधीपासून, एवढं लेखी कळवावं. कन्नडमध्ये कळवलंत तरी चालेल. फक्त स्कॅन करून नको.

कळावे,
आपला,
खानापूर तालुक्यातला एक वेबसाइट बनवणारा