विल्यम्सटाउनच्या धक्क्यावरची बोट

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोटोतली करडी बोट कुठली, असं तुम्ही विचारलंत आणि मी ‘संग्रहालय आहे’ म्हणून विषय संपवला. रविवारी परत जाऊन आत दोन तास काढले, आता नीट सांगते.

ती ‘कॅसलमेन’. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने अशा ६० कॉर्व्हेट, म्हणजे छोट्या युद्धनौका, बांधल्या. ही १९४१ साली इथल्याच, मेलबर्नजवळच्या विल्यम्सटाउनच्या गोदीत पाण्यात उतरली. लांबी ५७ मीटर, म्हणजे तीन क्रिकेट खेळपट्ट्यासुद्धा पुऱ्या नाहीत. वेग १५ नॉट, म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटर. पाण्यावर आलेली मोठी जपानी पाणबुडी हिच्यापुढे सहज पळून जायची!

जून १९४२ मध्ये दोन दिवसांत जपानी पाणबुड्यांनी दोन मालवाहू बोटी बुडवल्या, तेव्हापासून किनाऱ्यालगतच्या बोटी ताफ्याने निघू लागल्या आणि राखणीला या कॉर्व्हेट. यांच्यावरचं ॲस्डिक, म्हणजे पाणबुडी शोधायचं यंत्र, पाण्यात आवाज सोडायचं आणि प्रतिध्वनीची वाट बघायचं. माशांचा थवाही पाणबुडीच वाटायचा. बाबा, तुमच्या श्रवणयंत्रासारखंच, नको ते आधी ऐकू येणार. त्यात बोट पाणबुडीच्या अगदी डोक्यावर आली की प्रतिध्वनी गायब. नेमके तेव्हाच मागून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, ढकलायचे, अंदाजाने. दिसायला साधी पिंपं. त्यांच्या शेजारी उभी राहिले तर ती माझ्या कमरेलाही येईनात.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ८ फेब्रुवारी १९४३ ला ‘आयर्न नाइट’ ही मालवाहू बोट लोखंडाचं खनिज घेऊन चालली होती. सांगतात की पाणतीर राखणीवरच्या ‘टाउन्सव्हिल’च्या पोटाखालून गेला आणि ‘आयर्न नाइट’ला लागला. दोनेक मिनिटांत बोट तळाला. ३६ गेले, १४ वाचले. पहाऱ्यावरच्यांनी पुढे काय केलं असेल? ताफा पुढे न्यायचाच होता.

‘कॅसलमेन’च्या चार बहिणी, म्हणजे याच बनावटीच्या बोटी, आपल्या तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीकडे होत्या: ‘बॉम्बे’, ‘मद्रास’, ‘बेंगॉल’, ‘पंजाब’. ३१ मे १९४२ च्या रात्री छोट्या जपानी पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या, तेव्हा ‘बॉम्बे’ तिथेच होती. तिच्यावर कोकणातली पोरं असतील का, हे तुमच्याच डोक्यात आधी येईल.

आई, ८० च्या वर माणसं या बोटीवर राहायची. झोळ्या टांगून, जेवायच्या टेबलाच्या वरच. तू बघितलंस तर आधी खिडक्या कुठे, विचारशील.

येताना चांगले बूट आणा. इंजिनाकडची शिडी अगदी उभी आहे. बाबा उतरतील, आई आणि मी वर बसू.

तुमची,
मनू