पिवळ्या पानाचा फोटो आणि एआयचा सल्ला

संपादक महोदय,

सोयाबीन पिवळं पडलं की फोटो काढून एआय ॲपला विचारायचं, ही सवय मराठवाड्यात रुजतेय. पण पिवळेपणाचं कारण एकच नसतं. चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. तिथे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट फवारावं. पिवळा मोझॅक या विषाणूजन्य रोगात पानभर विखुरलेले पिवळे-हिरवे चट्टे दिसतात. तिथे रोगट झाड उपटून रोग पसरवणारी पांढरी माशी रोखावी लागते. भर उन्हातल्या, हललेल्या फोटोत शिरा दिसतच नाहीत, तरी ॲप ठामपणे औषध सांगून मोकळं! अशा वेळी त्याने ‘नक्की कळत नाही, पान सावलीत धरून जवळून फोटो काढा’ म्हणावं आणि तरीही शंका उरली तर फोटो सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) पाठवावा. ॲपची चाचणीही हिंगोली-परभणीच्या शिवारात, शेतकऱ्यांच्याच फोनवर व्हावी. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ फोटोंवर मिळवलेले गुण काय कामाचे?

– एक कृषी पदवीधर, परभणी