टीमचं गल्लीचं नाव पुसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या स्पोर्ट्स पानावर फुटबॉल स्पर्धेचे रिझल्ट आले, त्यात आमच्या गल्लीच्या टीमचं नाव शोधून शोधून दमलो. टीम खेळली होती, जिंकली पण होती, पण नाव छापलेलं भलतंच. मग कळलं की स्पॉन्सर मिळाला आणि त्याच्याच नावानं टीम उतरली. स्पॉन्सरवर माझा राग नाही, आजकाल बूट-जर्सी फुकट कोण देतंय. पण जुनं नाव साफ गेलं ते मनाला लागलं. पोरांना विचारलं तर एकजण म्हणाला, "काका, नाव कुठलं बी असू दे की, खेळायला मिळालं म्हणजे झालं."

त्याला मी बल्गेरियाच्या लेव्हस्की क्लबची गोष्ट सांगितली. १९९४ च्या वर्ल्ड कपात बल्गेरियानं जर्मनीला २-१ नं हरवलं ती मॅच आम्ही रात्री जागून बघितली होती, एका खोलीत पंधरा-वीस पोरं, आणि माझं सगळं लक्ष त्यांचा कॅप्टन बोरिस्लाव मिहायलोव याच्यावर, कारण तो गोलकीपर आणि मी पण लेले ग्राउंडवर गोलकीपरच. हा मिहायलोव लेव्हस्कीचा.

१९१४ मध्ये बल्गेरियाच्या राजधानीतल्या, सोफियातल्या शाळकरी पोरांनी हा क्लब काढला आणि नाव दिलं वासिल लेव्हस्कीचं, तुर्कांच्या राज्याविरुद्ध लढणारा क्रांतिकारक, ज्याला १८७३ मध्ये सोफियात फाशी दिलं. म्हणजे बघा, आपली पोरं तालमीला, मंडळाला शिवाजी महाराजांचं नाव देतात तसंच. पुढं कम्युनिस्ट सरकार आलं आणि १९४९ मध्ये हे नाव काढून रशियाच्या धर्तीवर 'दिनामो' ठेवलं. १९५७ ला लेव्हस्की परत मिळालं, तर १९६९ मध्ये वरून हुकूम आला आणि स्पार्टक नावाच्या दुसऱ्या क्लबात मिसळून 'लेव्हस्की-स्पार्टक' केलं. त्यांचा लाडका स्ट्रायकर गेओर्गी अस्पारुहोव १९७१ मध्ये गाडीच्या अपघातात गेला, वय फक्त २८, त्याच्या अंत्ययात्रेला सोफियात प्रचंड गर्दी लोटली होती. आज क्लबचं स्टेडियम त्याच्याच नावाचं आहे.

सगळ्यात वाईट झालं १९८५ ला. जूनमध्ये कप फायनल, समोर आर्मीचा क्लब सीएसकेए, सगळ्यात मोठी खुन्नस, मैदानात मारामाऱ्या झाल्या. सीएसकेए २-१ नं जिंकलं खरं, पण कम्युनिस्ट पार्टीनं दोन्ही क्लबच बरखास्त केले! लेव्हस्कीचं नाव झालं 'विटोशा', सोफियाजवळच्या डोंगराचं. मिहायलोववर जन्मभराची बंदी, सीएसकेएच्या १९ वर्षांच्या स्टोइचकोववर पण तीच. नंतर बंदी उठवली म्हणून बरं, नाहीतर १९९४ ला सहा गोल मारणारा स्टोइचकोव आणि टीमला सेमीफायनलपर्यंत नेणारा कॅप्टन जगाला दिसलेच नसते. कम्युनिस्ट राजवट पडली त्या सुमाराला लेव्हस्की हे नाव परत आलं आणि २००६ मध्ये युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये पोचणारा पहिला बल्गेरियन क्लब म्हणून तेच नाव सगळीकडे छापलं गेलं. सहाच्या सहा मॅच हरले, बार्सिलोना आणि चेल्सी एकाच ग्रुपात, पण नाव स्वतःचं होतं.

नावावरून काय काय होतं ते आम्हा सीमाभागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत एक बनियन आहे. निळीच्या पाण्यात बुडवून निळा केलेला, छातीवर ऑइल पेंटनं गल्लीचं नाव, पेंट वाळून तडकलाय आणि घडी घातली की खपल्या पडतात, म्हणून मी तो सपाटच ठेवतो. ते नाव गल्लीतल्या एका पेंटरकाकांनी लिहिलं होतं, पैसे घेतले नव्हते. त्या पोरानं तो हातात घेऊन बघितला, बराच वेळ काही बोलला नाही.

तुम्हाला विनंती एवढीच, रिझल्ट छापताना स्पॉन्सरच्या नावाबरोबर टीमचं मूळ नाव पण छापा. स्पर्धा भरवणाऱ्यांनी पण फॉर्मवर त्यासाठी वेगळी जागा ठेवावी. येत्या रविवारी आमची सेमीफायनल आहे, पोरं म्हणालेत की स्पॉन्सरशी बोलून जर्सीच्या पाठीवर जुनं नाव टाकून घेतो.

आपला,
एक जुना गोलकीपर,
शहापूर, बेळगाव