उद्घाटनाची बातमी आली, चित्रांची कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या आर्ट गॅलरीत दोन चित्रकारांचं मिक्स मीडिया (म्हणजे एकाच चित्रात रंग, कागद, दोरा असं वेगवेगळं साहित्य) प्रदर्शन लागलंय त्याची बातमी आपल्या पेपरात वाचली. उद्घाटन कोणी केलं, स्टेजवर कोण कोण होतं, आभार कोणी मानले सगळं नावानिशी आलंय, फोटोही आहे, पण फोटोत पाहुणेच, चित्र एकही नाही. त्या दोघींनी नक्की काय केलंय, कशापासून केलंय, यावर एक ओळ नाही. मी प्रदर्शन बघून आलेय म्हणून हे जास्तच लागलं.

कामं खरंच बघण्यासारखी आहेत हो. एकीने हिशेबाच्या जुन्या वहीची पानं कॅनव्हासवर चिकटवलीत, त्यावर पांढरा ॲक्रिलिक इतका पातळ मारलाय की खालचे आकडे दिसतात पण वाचता येत नाहीत, आणि त्या सगळ्यावर लाल दोऱ्याचे टाके. अगदी जवळ गेलं की दिसतं, टाका जिथे घट्ट ओढलाय तिथे कागदाला सुरकुती पडलीय, एका ठिकाणी तर कागद फाटलाय आणि तिने तो तसाच राहू दिलाय. सुईच्या भोकाभोवती रंगाचे बारीक टवके उडालेत, म्हणजे आधी रंग वाळू दिला आणि मग शिवलं. तिथे बसलेल्या विद्यार्थिनीला विचारलं तर तिने हेच सांगितलं आणि पुढे अर्धं प्रदर्शन हौसेने समजावलं.

दुसरीचं काम खोक्यांच्या पुठ्ठ्यावर आहे. वरचा थर सोलून आतल्या नागमोडी घड्या उघड्या केल्यात, त्यात चारकोल घासलाय, मध्ये गंजलेल्या जाळीचा तुकडा दाबून बसवलाय. समोरून बघा आणि मग बाजूने बघा, चित्रच बदलतं, कारण घड्यांच्या सावल्या बदलतात. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की ही भिंत हिची, ती भिंत तिची अशी वाटणी केलेली नाही, कामं शेजारी शेजारी लावलीत. एक कागद झाकत गेलीय, दुसरी सोलत गेलीय, हे दोन्ही बाजूबाजूला बघितल्याशिवाय लक्षातच येत नाही.

हे सगळं म्हणजे हल्लीचं खूळ, काहीतरी चिकटवलं की झालं चित्र, असं बरेच जण म्हणतात. याला शंभर वर्षं उलटून गेलीत! १९१२ साली स्पॅनिश चित्रकार पिकासोने खुर्चीच्या वेताची वीण छापलेलं ऑइलक्लॉथ, म्हणजे मेणकापड, चित्रात चिकटवलं आणि फ्रेमच्या जागी चक्क दोर गुंडाळला, चित्र केवढं तर जेमतेम २९ बाय ३७ सेंटीमीटर. त्याच वर्षी फ्रेंच चित्रकार ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून आपल्या चित्रात लावला. दोघं तेव्हा एकमेकांची कामं सतत बघत होते, इतकी की त्या काळातली त्यांची काही चित्रं कुणाची हे जाणकारांनाही चटकन सांगता येत नाही. म्हणजे ही रीतच मुळात दोन चित्रकारांच्या देवाणघेवाणीतून वाढली, मग दोघींच्या प्रदर्शनाच्या बातमीत हे यायला नको?

गॅलरीलाही एक विनंती आहे. प्रत्येक चित्राखाली नुसतं 'मिक्स मीडिया' लिहिलंय, त्यातून काही कळत नाही. मोठ्या म्युझियममध्ये लेबलवर कागद, दोरा, पुठ्ठा, रंग जे वापरलंय ते लिहितात, तसं लिहा ना, बघणारा आपोआप ते शोधायला लागतो. लाइट वरून सरळ आहेत त्यामुळे पुठ्ठ्याच्या कामातल्या सावल्या मरतात, थोडा तिरका आणि मंद लाइट दिला तर फरक पडेल. आणि वहीच्या पानांच्या एका कामावर दुपारी खिडकीतून थेट ऊन पडतं, त्याला आधी पडदा लावा. उन्हाने कागद खराब होतो, शाई उडते, आणि एकदा उडालेली शाई परत येत नाही. म्युझियमवाले कागदावरच्या कामांसाठी उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आत ठेवतात तो उगाच नाही.

कॉलेजच्या गॅलरीत मोठे समीक्षक क्वचितच फिरकतात, त्यामुळे पेपरात जे येतं तेवढीच या मुलींच्या कामाची नोंद राहते. पुढे कुठे अर्ज करताना, कामं दाखवताना त्यांना हेच कात्रण जोडावं लागणार, आणि त्यात पाहुण्यांची नावं असून उपयोग काय?

प्रदर्शन अजून चालू आहे. उद्घाटन नसतानाही तुमचा प्रतिनिधी पाठवा, दोघींशी बोलू द्या, आणि फोटोग्राफरला सांगा की पुठ्ठ्याच्या कामाचा फोटो समोरून नको, बाजूने काढा.

आपली नियमित वाचक